वॉशिंग्टनचा राज्यमार्ग २६ : रुंदीकरण हवे, पण कुठे आणि किती?

पलूसचा पाहुणा (धागाकर्ता)

सिअ‍ॅटलहून पुलमनला, म्हणजे वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या गावी, मोटारीने जाणारे बहुतेक जण आय-९० या आंतरराज्य महामार्गाने कोलंबिया नदीपर्यंत येतात, व्हँटेजचा पूल ओलांडताच १३७ क्रमांकाच्या एक्झिटला बाहेर पडतात आणि राज्यमार्ग २६ धरतात. तिथून कोलफॅक्सपर्यंतचे सुमारे १३३ मैल हाच रस्ता असतो आणि तो बहुतांशी दुपदरी आहे. थँक्सगिव्हिंग जवळ आले की आपल्याकडच्या पालकांच्या गटात एक प्रश्न हमखास येतो : सरकार हा रस्ता चौपदरी का करत नाही? या भागात बरीच वर्षे राहणारा आणि सर्व ऋतूंत हा रस्ता वापरणारा म्हणून माझे मत असे झाले आहे की सरसकट चौपदरीकरणाची मागणी करण्यात आपली शक्ती वाया जाते आणि जी कामे खरोखर होऊ शकतात ती त्यामुळे मागे पडतात. माझे म्हणणे सविस्तर मांडतो. मतभेद अवश्य नोंदवावेत.

रस्ता कोणत्या मुलखातून जातो हे आधी पाहायला हवे, कारण त्याच्या अडचणी तिथूनच येतात. नदीकाठ सोडून रस्ता रॉयल स्लोपवर चढला की दोन्ही बाजूंना सफरचंदाच्या बागा, द्राक्षे, मका आणि बटाटा दिसतो. हा भाग कॅस्केड पर्वताच्या पर्जन्यछायेत आहे. ऑथेलोला वर्षाकाठी जेमतेम आठ इंच पाऊस पडतो. तिथली सगळी हिरवळ १९४२ मध्ये पूर्ण झालेल्या ग्रँड कूली धरणाची कृपा आहे. ऑथेलोच्या पूर्वेला ईस्ट लो कालवा मागे पडला की बागायत हळूहळू संपते आणि कोरडवाहू गहू सुरू होतो, ज्यात एक वर्ष पीक घेऊन दुसऱ्या वर्षी जमीन पडीक ठेवतात. वॉशटकनाच्या आसपास हिमयुगातल्या महापुरांनी माती खरवडून नेलेला उघडा बेसॉल्ट लागतो, आणि त्यानंतर पलूस नावाच्या इथल्या प्रदेशाच्या टेकड्या येतात, ज्या वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक मातीच्या बनलेल्या आहेत. कोलफॅक्सला पाऊस वीस इंचांच्या घरात जातो आणि तिथे जमीन पडीक ठेवण्याची गरज उरत नाही. वाईहून दहिवडीकडे जाताना पाऊस जसा उतरत जातो, तसा या रस्त्यावर तो पूर्वेकडे चढत जातो.

वाहतुकीचे स्वरूपही या पावसाप्रमाणे बदलते. पश्चिमेकडच्या टप्प्यात ट्रकची वर्दळ जवळपास वर्षभर असते, कारण ऑथेलोमध्ये बटाट्यापासून फ्रेंच फ्राइज बनवणारे मोठे कारखाने आहेत आणि आसपासच्या शेतांतला माल तिथे येतो. पूर्वेकडच्या टप्प्यात एरवी शुकशुकाट असतो, पण जुलै संपता संपता गव्हाची कापणी सुरू झाली की धान्याचे ट्रक आणि कंबाइन हार्वेस्टर रस्त्यावर उतरतात. या दोन्हींवर विद्यापीठाची वाहतूक येऊन पडते. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीचे बरेचसे विद्यार्थी राज्याच्या पश्चिम भागातले आहेत, आणि थँक्सगिव्हिंगला तिथे आठवडाभर सुटी असल्यामुळे ते सगळे एकाच शुक्रवारी निघतात आणि पुढच्या रविवारी एकदमच परततात.

पूर्वी यातला बराच माल रेल्वेने जात असे. ऑथेलो हे मिलवॉकी रोड या रेल्वे कंपनीचे महत्त्वाचे ठाणे होते. पश्चिमेकडून विजेच्या इंजिनाने आलेल्या गाड्यांचे इंजिन एके काळी तिथे बदलत असे. कंपनी दिवाळखोरीत गेली आणि १९८० मध्ये हा पश्चिमेकडचा मार्ग बंद झाला. बेव्हर्लीजवळचा तिचा कोलंबियावरचा पूल दुरुस्त करून २०२२ मध्ये पादचारी आणि सायकलस्वारांसाठी खुला करण्यात आला, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र त्या पुलावरून जाणारा माल आता कुठून जातो, याचे उत्तर आपल्याला ट्रकमागे रांगेत उभे राहिल्यावर मिळते.

आता मुख्य मुद्दा. दुपदरी रस्त्यावर रांग लागते ती रस्ता वाहनांनी भरून गेल्यामुळे लागते असे नाही. चढावर पंचेचाळीसने जाणारा एकच ट्रक पुरेसा असतो. त्याच्यामागे दहा मोटारी साचतात, समोरची बाजू मोकळी दिसते, पण मधली पिवळी रेघ सलग असते. साठ मैल वेगाच्या रस्त्यावर ओव्हरटेक करू देणारी तुटक रेघ काढायची तर नियमानुसार किमान हजार फूट पुढचे दिसले पाहिजे, आणि पलूसच्या टेकड्यांत प्रत्येक उंचवट्यामागे रस्ता दिसेनासा होतो. जिथे रेघ तुटक आहे (दहा फुटांचा पट्टा, मग तीस फुटांची मोकळी जागा) तिथेही सुटीच्या रविवारी समोरून गाड्यांची माळच येत असते. मागचा एखादा तरुण चालक वैतागतो आणि नको तिथे गाडी बाहेर काढतो. या रस्त्याचा धोका मुख्यतः या वैतागण्यात आहे.

यावर एक साधा कायदा आहे, पण तो पाळणारे थोडे. वॉशिंग्टन राज्यात दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करणे धोक्याचे असेल आणि हळू चालणाऱ्या वाहनामागे पाच किंवा अधिक वाहने साचली असतील, तर त्या वाहनाने सुरक्षित जागा मिळताच बाजूला होऊन मागच्यांना वाट द्यावी लागते. परंतु बाजूला होण्यासाठी बाजू असावी लागते. कित्येक ठिकाणी साइडपट्टी इतकी अरुंद आहे की भरलेला ट्रक तिच्यावर घेण्याचे धाडस कोणी करणार नाही.

म्हणून माझी मागणी अशी आहे की चढांवर आणि सपाट टप्प्यांत ठरावीक अंतरांवर ओव्हरटेकसाठी जादा लेन द्यावी, साइडपट्ट्या रुंद आणि पक्क्या कराव्यात, आणि हिवाळ्यातल्या बर्फ काढण्याच्या कामाला कात्री लावू नये. १३३ मैल चौपदरी करण्याची भाषा आपण सोडून द्यावी.

कृष्णाकाठ

लेख माहितीपूर्ण आहे, परंतु निष्कर्ष मला मान्य नाही. आम्ही बेलव्ह्यूला राहतो आणि मुलगा पुलमनला शिकतो. तो निघाल्याचा फोन आल्यापासून पोहोचल्याचा फोन येईपर्यंत घरात कोणाचे कामात लक्ष लागत नाही. जादा लेन एक-दीड मैलाची असते आणि ती संपत आली की मागचे सगळे जण शेवटच्या क्षणापर्यंत पुढे घुसण्याचा प्रयत्न करतात, हे मी स्वतः पाहिले आहे. मधे दुभाजक असेल तर समोरासमोर धडक होण्याची शक्यता जवळपास संपते. एवढ्या संपन्न राज्याला एक रस्ता नीट करता येऊ नये हे पटत नाही.

सध्या आम्ही मुलाला आय-९० ने थेट स्पोकेनपर्यंत जाऊन यूएस १९५ ने खाली उतरायला सांगतो. सुमारे सत्तर मैल अधिक पडतात, पण त्यातला बराचसा प्रवास दुभाजक असलेल्या रस्त्यावर होतो.

रस्तेवाला

मी दुसऱ्या राज्यात वाहतूक नियोजनाचे काम करतो, त्यामुळे थोडे तांत्रिक बोलतो. धागाकर्त्यांनी सांगितलेली गोष्ट आमच्या व्यवसायात नेहमीची आहे. दुपदरी रस्त्याचा दर्जा ठरवताना आम्ही किती वाहने गेली एवढेच पाहत नाही. चालकाला दुसऱ्याच्या मागे अडकून किती टक्के वेळ काढावा लागतो हेही मोजतो. जादा लेनचा फायदा ती संपल्यानंतरही पुढे कित्येक मैल टिकतो, कारण साचलेली रांग एकदा मोकळी झाली की पुन्हा साचायला वेळ लागतो. हाच तिला स्वस्त उपाय म्हणण्याचा आधार आहे.

कृष्णाकाठ यांनी मांडलेली लेनच्या शेवटाची भीती मात्र रास्त आहे. लेन कुठे संपवायची हे फार विचाराने ठरवावे लागते. ती उंचवट्याच्या माथ्याआधी संपवली तर ट्रक सर्वांत हळू असताना मोटारी त्याच्यासमोर घुसतात. माथा ओलांडून, ट्रकने पुन्हा वेग घेतल्यावर आणि पुढचे स्वच्छ दिसत असताना ती संपली पाहिजे. जुन्या लेनमध्ये हे नेहमी पाळलेले दिसत नाही, कारण त्या काळी माती कापण्याचा खर्च वाचवण्याकडे कल असे.

दुभाजकाबद्दल एक मधला मार्ग आहे. स्वीडनने १९९८ पासून आपले अनेक दुपदरी रस्ते तीनपदरी केले. त्यांत मधली लेन आळीपाळीने एकदा या दिशेला आणि एकदा त्या दिशेला देतात आणि मधोमध तारेचा कठडा लावतात. चौपदरी रस्त्याच्या मानाने खर्च बराच कमी आला आणि समोरासमोरच्या धडकांतले मृत्यू फार मोठ्या प्रमाणात घटले. राज्यमार्ग २६ च्या डस्टी ते कोलफॅक्स या टप्प्यात असा प्रयोग विचारात घेण्यासारखा आहे असे मला वाटते.

कोरडवाहू

रस्तेवाला यांनी कृपया एकदा ऑगस्टमध्ये इकडे यावे. मी गव्हाच्या संशोधनात आहे आणि माझे निम्मे काम शेतकऱ्यांच्या बांधावर चालते. व्हिटमन परगणा गव्हाच्या उत्पादनात साऱ्या देशात आघाडीवर आहे, आणि इथल्या टेकड्यांसाठी बनवलेली कंबाइन उतारावरही स्वतःला सपाट राखतात. पुढचे कापणीचे पाते काढून वेगळ्या गाड्यावर लांबीच्या दिशेने ठेवले, तरी यंत्राची स्वतःची रुंदी पंधरा फुटांच्या आसपास असते आणि लेन बारा फुटांची. म्हणजे ते थोडे साइडपट्टीवर आणि थोडे पिवळ्या रेघेवर चालते, मागे नारिंगी-लाल त्रिकोण लावून. मधोमध तारेचा कठडा आला तर एकेरी लेनच्या बाजूला हे यंत्र बसणारच नाही. शेतकऱ्याची जमीन रस्त्याच्या दोन्ही बाजूंना असते आणि एका शेतातून दुसऱ्या शेतात जायला दुसरा रस्ता नसतो. कोणत्याही दुभाजकाला इथे विरोध होतो तो याच कारणाने, आणि तो विरोध आडमुठेपणाचा नाही.

आणखी एक बाब इथे अजून आलेली नाही. या भागातला बराच गहू स्नेक नदीने बार्जमधून कोलंबियाच्या मुखाकडे आणि तिथून जहाजाने आशियात जातो. डस्टीहून दक्षिणेला निघणाऱ्या राज्यमार्ग १२७ वर सेंट्रल फेरी हे धान्य चढवण्याचे ठिकाण आहे. लोअर स्नेकवर चार धरणे आहेत, त्यांपैकी शेवटचे लोअर ग्रॅनाइट १९७५ मध्ये पूर्ण झाले, आणि त्यांच्या जलाशयांमुळेच बार्ज चालतात. सॅल्मन माशांसाठी ही धरणे फोडावीत अशी मागणी बरीच वर्षे होत आहे. तिच्या योग्यायोग्यतेत मी इथे शिरत नाही. परंतु उद्या ती मान्य झाली तर बार्जमधला गहू रेल्वेवर आणि ट्रकवर येईल, आणि ट्रकवर आलेल्या गव्हाचा मोठा हिस्सा पश्चिमेकडे जाण्यासाठी याच रस्त्याने निघेल. रस्त्याची आखणी करताना आजची वाहतूक मोजून भागणार नाही.

जमाखर्च

"संपन्न राज्याला एक रस्ता करता येत नाही का" या प्रश्नाचे उत्तर पैशांच्या रचनेत आहे, म्हणून लिहितो. आंतरराज्य महामार्ग उभे राहिले ते १९५६ च्या कायद्यामुळे, ज्यात केंद्राने खर्चाचा ९० टक्के वाटा उचलला आणि राज्यांना १० टक्केच घालावे लागले. राज्यमार्गांना असे सुख नाही. केंद्राचा थोडाफार पैसा येतो, पण तो शेकडो कामांशी स्पर्धा करून मिळवावा लागतो, आणि बाकीचा भार राज्याच्या इंधनकरावर पडतो. वॉशिंग्टनच्या राज्यघटनेत १९४४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार इंधनकराचा पैसा रस्त्यांच्या कामांसाठीच वापरावा लागतो. ऐकायला हे चांगले वाटते, परंतु गाड्या कमी इंधनावर चालू लागल्या आणि विजेवरच्या गाड्या वाढल्या की हा हौदच आटू लागतो.

२०१५ मध्ये विधिमंडळाने इंधनकर दोन टप्प्यांत गॅलनमागे एकूण ११.९ सेंट वाढवून सुमारे १६ अब्ज डॉलरची योजना मंजूर केली. त्यातला सिंहाचा वाटा प्युजेट साउंडच्या, म्हणजे सिअ‍ॅटलच्या आसपासच्या, परिसरात गेला, जिथे मतदारही आहेत आणि कोंडीही. तरी त्याच योजनेत डस्टी ते कोलफॅक्स या टप्प्यातल्या चढांवर जादा लेन बांधण्याचे काम होते, हे इथे नमूद केले पाहिजे. म्हणजे धागाकर्ते जे मागत आहेत ते राज्याने याआधी तत्त्वतः मान्य केलेले आहे.

दुसरीकडे, रस्त्यांखालच्या ज्या मोऱ्या सॅल्मनची वाट अडवतात त्या बदलण्याचा न्यायालयाचा आदेश राज्यावर आहे. आदिवासी जमातींनी करारातल्या मासेमारीच्या हक्कासाठी हा दावा लावला होता, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मते चार विरुद्ध चार अशी समसमान पडल्यामुळे खालचा आदेश कायम राहिला. दावा न्याय्यच होता. काम अब्जावधी डॉलरचे आहे आणि तेही मुख्यतः राज्याच्या पश्चिम भागात, त्यामुळे पूर्वेकडच्या रस्त्यांचे डांबरीकरण पुढे ढकलले गेले तर आश्चर्य वाटू नये.

पलूसचा पाहुणा

जमाखर्च यांनी २०१५ च्या योजनेची आठवण करून दिली हे बरे झाले. कृष्णाकाठ, तुमची काळजी मी कमी लेखत नाही. अमेरिकेत ग्रामीण भागात सुमारे २० टक्के लोक राहतात, पण रस्त्यावरच्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांच्या आसपास मृत्यू ग्रामीण रस्त्यांवर होतात. त्यामागे वेग आहे, आणि मदत उशिरा पोहोचणे हेही एक मोठे कारण आहे. ऑथेलोला आणि कोलफॅक्सला रुग्णालय आहे. मधल्या सुमारे नव्वद मैलांत या रस्त्यावर एकही नाही. अपघात झाला तर पहिल्यांदा येतात ते वॉशटकना किंवा लाक्रॉससारख्या दोन-तीनशे वस्तीच्या गावांतले स्वयंसेवक, जे शेतातले काम टाकून निघालेले असतात.

याच गावांसाठी मी हा धागा काढला. आपल्या चर्चेत रस्त्याची दोन टोकेच तेवढी येतात, सिअ‍ॅटल आणि पुलमन. वॉशटकनाच्या रहिवाशाला डॉक्टर, किराणा, यंत्राचा सुटा भाग, बँक यांपैकी कशासाठीही याच रस्त्यावर यावे लागते आणि तेही आठवड्यातून अनेकदा. आपली मुले वर्षातून काही वेळा तिथून जातात. तरीही राज्याच्या वाहतूक खात्याला या रस्त्याबद्दल जी पत्रे आपण पालक लिहितो, त्यांत साइडपट्टीचा किंवा कंबाइनचा उल्लेख कुठेही नसतो.

व्हँटेजच्या जुन्या पुलाची गोष्ट या संदर्भात सांगण्यासारखी आहे. १९६२ मध्ये नवा पूल झाल्यावर १९२७ चा जुना पूल सुटा करण्यात आला आणि त्याचे भाग वापरून लायन्स फेरी येथे स्नेक नदीवर पूल उभारला गेला, जो १९६८ पासून वापरात आहे. वॉशटकनाहून राज्यमार्ग २६१ ने दक्षिणेला गेलात तर तो आजही ओलांडता येतो. त्याआधी त्या ठिकाणी फेरीबोट होती. आंतरराज्य महामार्गाला जुना झालेला पूल आतल्या खेड्यांना अर्धशतकाहून अधिक काळ पुरला. खर्चाच्या बाबतीत अशी जुळवाजुळव करण्याची दृष्टी आज कमी दिसते.

आठवे सत्र

मी सध्या तिथे शिकत आहे, म्हणून थोडे व्यवहाराचे लिहितो. नव्या विद्यार्थ्यांना रांगेपेक्षा हवामान अधिक फसवते. आय-९० वरच्या स्नोक्वाल्मी खिंडीत बर्फ असणार हे सगळ्यांना ठाऊक असते, तिथे साखळ्या लावण्याच्या सूचनाही असतात, आणि खिंड पार केली की लोक निर्धास्त होतात. पण नोव्हेंबर ते जानेवारी कोलंबियाच्या खोऱ्यात दिवसचे दिवस धुके साचते आणि ऑथेलोच्या आगेमागे रस्त्यावर न दिसणारा पातळ बर्फ धरतो. शरद ऋतूत पेरणीच्या सुमारास वारा सुटला तर पडीक शेतांतली धूळ रस्त्यावर येते आणि पुढच्या गाडीचे मागचे दिवेसुद्धा दिसत नाहीत. अशा वेळी साइडपट्टीवर थांबायचे असेल तर शक्य तितके डांबराबाहेर जावे आणि मागचे दिवे बंद करून ब्रेकवरचा पाय काढावा, कारण दिवे दिसले की मागचा चालक त्या दिशेने येतो.

इंधन ऑथेलोला भरून घ्यावे. पुढे फोनला सगळीकडे रेंज मिळतेच असे नाही. खिळ्यांचे टायर १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळातच चालतात. थँक्सगिव्हिंगला शुक्रवारी दुपारी निघण्याऐवजी शनिवारी सकाळी निघाले तर रस्ता जवळजवळ मोकळा मिळतो, आणि राज्याचे वाहतूक खातेही विद्यार्थ्यांना गर्दीच्या वेळा टाळायला सांगत असते.

कृष्णाकाठ

शनिवारी सकाळची सूचना मुलापर्यंत पोहोचवली आहे. तो ऐकेल अशी आशा ठेवते. कोरडवाहू यांच्या प्रतिसादानंतर दुभाजकाचा आग्रह मी सोडते, पण मग समोरासमोरच्या धडकेवर उपाय काय, हा प्रश्न उरतोच.

रस्तेवाला

कंबाइनची रुंदी ऐकल्यावर तारेचा कठडा माझ्याही यादीतून गेला. उरतो तो उपाय म्हणजे मधल्या रेघेवर खोदलेल्या रंबल स्ट्रिप. चाक त्यांच्यावर गेले की साऱ्या गाडीत घरघर होते आणि पेंगुळलेला चालक जागा होतो. वॉशिंग्टन राज्याने या पट्ट्या दुपदरी रस्त्यांवर मोठ्या प्रमाणात वापरल्या आहेत. त्यांचा खर्च जादा लेनच्या तुलनेत नगण्य असतो आणि कंबाइनला त्या अडवत नाहीत. मात्र खोदकाम चांगल्या डांबरावरच करता येते. पृष्ठभाग भेगाळलेला असेल तर पट्टीतून पाणी आत शिरते, हिवाळ्यात गोठते आणि रस्ता मधोमध उखडतो. त्यामुळे आधी डांबरीकरण आणि मग पट्ट्या हा क्रम मोडता येत नाही, आणि इथे पुन्हा जमाखर्च यांचा हौद आडवा येतो.

कोरडवाहू

बाजूला होण्याच्या जागांबद्दल शेतकऱ्यांशी माझे वेळोवेळी बोलणे होते. मागे रांग लागलेली त्यांनाही आवडत नाही, कारण वैतागलेला चालक शेवटी त्यांच्याच यंत्रावर येऊन आदळतो. त्यांची अट एवढीच असते की जागा लांब असावी, म्हणजे कंबाइन आणि त्यामागे पाते वाहणारी गाडी दोन्ही तिच्यात मावतील, आणि खालचा भराव पक्का असावा. सध्याच्या खडीच्या जागा पावसानंतर खचतात आणि पंधरा-वीस टनांचे यंत्र एकदा कलले की ते काढायला अर्धा दिवस जातो. पालकांनी पत्र लिहिताना या दोन अटी जशाच्या तशा लिहिल्या, आणि डस्टीच्या पश्चिमेकडचा, वॉशटकनापर्यंतचा टप्पा नावानिशी मागितला, तर इथल्या गहू उत्पादकांनाही त्या पत्रावर सही करायला अडचण वाटणार नाही.